निरगाठ

पायजम्याच्या नाडीला सुरगाठ आणि गोणीच्या तोंडाला निरगाठ, एवढी विद्या आईने आम्हांला बालपणीच दिली होती. साठी उलटेपर्यंत तेवढ्यावर भागले. पुढे एका स्नेह्याने परदेशाहून गळाला लावायच्या, पिसांनी मढवलेल्या कृत्रिम माश्यांची डबी आणून दिली आणि आमचे अज्ञान उघडे पडले.

ही कला जुनी आहे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात अशा बारा माश्यांची वर्णने आहेत. तो ज्युलियाना बर्नर्स नामक मठाधिकारी भगिनीने लिहिला, अशी परंपरागत समजूत आहे. सावनेरच्या कोलार नदीवर मात्र गांडूळ आणि कणकेची गोळीच चालते. आम्ही पिसांची माशी बांधून बसलो तेव्हा काठावरच्या मुलांची चांगलीच करमणूक झाली.

एका संध्याकाळी मासा लागला. हिसका बसला, आणि हाती नुसता धागा आला. "धागाच कच्चा!" आम्ही चरफडलो. शेजारी बसलेल्या वृद्ध धीवराने धाग्याचे टोक बोटावर घेतले. ते डुकराच्या शेपटीसारखे वळलेले होते.

"धागा नाही तुटला जी," तो म्हणाला, "गाठ घसरली तुमची."

मग त्याने गाठ शिकवली. धागा गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच धाग्याभोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्यालगतच्या फटीतून काढून पुन्हा मोठ्या फासातून न्यायचे. एवढे झाले की गाठ ओठांशी नेऊन ओली करायची आणि हळूहळू आवळायची. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळे होते. आम्ही ती वीस वेळा बांधली. दर वेळी घाई आडवी आली.

त्या रात्री झोप आली नाही. धाकट्या बंधूंशी आमचे सात वर्षे बोलणे नव्हते. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बिनसले होते. "नाते तुटले," असे आम्ही चारचौघांत सांगत आलो होतो. टोक मात्र कधी पाहिले नव्हते. घसरली होती ती आमचीच गाठ. बैठकीत सर्वांदेखत त्यांना लोभी म्हणालो होतो ते आम्ही.

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आठवला. एकशे त्रेपन्न मोठे मासे आले, तरी जाळे फाटले नाही. प्रभूला तीनदा नाकारलेला पेत्र त्याच किनाऱ्यावर होता. प्रभूने त्याला जाब विचारला नाही. आधी निखाऱ्यावर भाजलेला मासा आणि भाकर खाऊ घातली, नंतर तीनदा प्रेमाविषयी विचारले. जणू तुटलेल्या प्रत्येक वेढ्यासाठी एक नवा वेढा.

प्रायश्चित्तकाळातल्या एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही नागपूरची बस धरली. दार बंधूंनीच उघडले. क्षणभर दोघेही उभेच राहिलो. "ये दादा," ते म्हणाले.

आम्ही क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. आत वळून त्यांनी चहा ठेवायला सांगितले. घराचा विषय निघाला नाही. निघताना ते फाटकापर्यंत पोहोचवायला आले.

गाठ पक्की झाली की नाही, कोण जाणे. ओढून पाहण्याची घाई आम्ही केली नाही.