मुळशीचे पाणी, गोल्फ आणि आमची चार घरे

मुळशी म्हटले की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर पावसाळा उभा राहतो: ताम्हिणीचे धबधबे, भाजलेली कणसे आणि गाड्यांच्या रांगा. आमच्या चार घरांनी मात्र यंदा डिसेंबर निवडला आहे. तीन घरे पुण्यातली, एक मुंबईचे. लहानथोर मिळून सतरा माणसे आणि एक मुक्काम. निमित्त गोल्फचे. आखाती देशात नोकरी करून परतलेल्या दोघा भावांना तिथे या खेळाची गोडी लागली, त्यांनी ती घरातल्या पोरांना लावली आणि डोंगर, तलाव, गोल्फ असे सगळे एकाच सहलीत हवे, अशी मागणी पुढे आली.

पहिले नाव लवासाचे निघाले. मुळशी तालुक्यातच, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर उभारायला घेतलेले हे शहर. आराखड्यात गोल्फही होता. पण २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस आली, पुढे कंपनी कर्जात रुतली आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. रंगीत इमारती आहेत, पाण्याकाठी फिरायला रस्ता आहे, फोटो छान येतात. खेळणाऱ्यांची सोय मात्र अलीकडेच, पुणे शहराला लागून, बावधन-लवळ्याच्या डोंगरावरच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टमध्ये आहे. म्हणजे आधी लवळे, मग पिरंगुट, पौड करत तलाव, असा क्रम आपोआप ठरला.

ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडेसे. पूर्ण डाव १८ खळग्यांचा. चेंडू कमीत कमी फटक्यांत खळग्यात घालायचा; ज्याचे फटके कमी तो जिंकला. चौघांची टोळी एकत्र निघते आणि डावाला चार-पाच तास सहज लागतात. सोबत पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे, चूक झाली तर दंडाचा फटका आपणच आपल्यावर लावायचा. शाळेत मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावण्यापेक्षा ही तालीम आम्हाला बरी वाटली. मात्र पैजेचे पहिल्याच बैठकीत मिटवून टाकले. दोन्हीकडून पैसे लावून खेळणे हा जुगार, मग रक्कम शंभरची असो वा दहाची. आजोबा आपल्या खिशातून जिंकणाऱ्याला बक्षीस देणार आहेत, त्याला कोणाची हरकत नाही.

हरकत दुसरीच निघाली. मोठ्या आपांनी सगळा बेत ऐकून घेतला आणि विचारले, “तुम्ही चौघे चेंडूमागे पाच तास चालणार. तोवर आम्ही तेरा जणांनी काय करायचं? खोलीत बसून तुमच्या जेवणाची वाट बघायची?”

यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आपल्याकडच्या सहली अशाच होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मर्द मंडळी फिरतात, बाया घरी जे करतात तेच डोंगरावर जाऊन करतात आणि परत आल्यावर सगळे म्हणतात, मजा आली. म्हणून बेत बदलला. १८ ऐवजी ९ खळगे, तेही फजरनंतर लगेच निघून सकाळच्या पहिल्या वेळेत. बाकीच्यांना सरावाच्या मैदानावर काठ्या आणि टोपलीभर चेंडू. या खेळाला धावपळ नाही, अंगाला चिकटणारे कपडे लागत नाहीत. पूर्ण बाह्या आणि ओढणी सांभाळून कोणीही फटका मारू शकते. पुरुषांना कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स बहुतेक गोल्फ मैदानांवर चालत नाही. सदस्य नसणाऱ्यांना कोणत्या दिवशी प्रवेश, नवशिक्यांना काय मुभा आणि दर किती, हे आधी फोनवर विचारलेले बरे. पोरांच्या हट्टापायी घरखर्चाला खार लागू नये म्हणून खेळाचा खर्च खेळणाऱ्यांचाच, आणि बस-मुक्काम-जेवण सतरा जणांत, हेही ठरले.

दुपारपर्यंत तलाव. पोरांना बसमध्येच सांगायचे आहे की हा तलाव निसर्गाने केलेला नाही. मुळा आणि निळा या नद्या इथे अडवल्या गेल्या, टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी. शेतकऱ्यांच्या भातजमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. बऱ्याच जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या; त्यांना मोबदला चालत होता, कसणाऱ्याला मात्र जमीनच हवी होती. लढा १९२४ पर्यंत रेटला गेला आणि हरला. धरण झाले, १९२७ मध्ये भिरा येथील वीजघर सुरू झाले. पूर्वेला वाहणारे पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून कोकणात उतरवले जाते, त्यावर वीज होते आणि ती मुंबईला जाते. तेच पाणी पुढे कुंडलिका नदीत सोडले की कोलाडला रबरी होड्या चालतात. आमचे मुंबईचे पाहुणे ज्या तलावाचे फोटो काढणार, त्यावर त्यांच्या शहराचे दिवे शंभर वर्षे लागत आले आहेत.

आणि जमिनी एकदाच गेल्या नाहीत. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या प्रवीण तरडे यांच्या चित्रपटात पुढच्या पिढ्यांची गोष्ट आहे: जमीन विकून आलेला पैसा संपतो आणि मालक दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. बंगले, रिसॉर्ट, गोल्फची हिरवळ, सगळे याच मातीवर आहे. म्हणून सहल रद्द करावी असे आम्हाला वाटत नाही. पण फाटकावरच्या पहारेकऱ्याला आणि बॅग उचलणाऱ्या मुलाला सलाम-नमस्कार करून बोलायचे, आणि तांदूळ घ्यायचाच तर इथला आंबेमोहर इथल्या शेतकऱ्याकडून, घासाघीस न करता घ्यायचा.

पाण्यात मात्र कोणीही उतरायचे नाही. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. तो पावसाळा होता, हा डिसेंबर, असा युक्तिवाद पोरांनी केला. तलावाचा काठ कुठे अचानक तुटतो ते वरून दिसत नाही, युक्तिवाद फेटाळला.

खाण्याचे सोपे केले. रिसॉर्टमध्ये मांस हलाल आहे का, यावर “हो, हो” असे उत्तर चटकन मिळते. ते कुठून आणता, असे विचारले की खरे कळते. खात्री झाली नाही तर शाकाहारी किंवा मासे. पहिल्या दिवसाचा खिमा आणि रोट्या घरून.

राहिली नमाज. डिसेंबरात मगरिब सहाच्या सुमारास होते, म्हणजे असरपूर्वीच मुक्कामी पोहोचायला हवे. चटया आणि किब्ल्यासाठी होकायंत्र सोबत घेतले आहे. कसरचा प्रश्न निघाला. आपल्याकडे उलेमा साधारण ७७-७८ किलोमीटरचे अंतर धरतात. पुण्याहून मुळशी त्याच्या बरीच आत, त्यामुळे आमची नमाज पूर्ण. मुंबईच्या घराचे अंतर त्याहून पुष्कळ जास्त, म्हणून ते मुसाफिर. जमातीत ते आमच्या इमामामागे उभे राहिले तर पूर्ण चार रकात पढतील. त्यांच्यातल्या कोणी इमामत केली तर तो जोहर दोनच पढून सलाम फेरेल आणि आम्ही उठून उरलेल्या दोन पूर्ण करू. पोरांना हे पुस्तकातून कधी समजले नव्हते, या निमित्ताने वहीवर रेघा ओढून समजले. आता मुंबईच्या मामूंनी इमामत करावी, असा पोरांचाच आग्रह आहे. मामूंचा होकार अजून यायचा आहे, आणि बसवाल्याचाही.