पिल्लावरची मरळ

माझा भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. नोकरी कॉम्प्युटरची आणि सुट्टीच्या दिवशी बास नावाचा मासा धरण्याचा नाद. गेल्या महिन्यात फोनवर सांगत होता, "मामा, इथे काही पद्धती अशा आहेत की कोणाला करायला आवडत नाहीत, पण मासा हमखास त्यांनीच लागतो." मग त्याने एक पद्धत सांगितली. 'ड्रॉप शॉट' म्हणतात म्हणे तिला. बारीक दोरी, तिच्या टोकाला शिसं, ते तळाला टेकतं. त्याच्या वीतभर वर गळ आणि गळाला बोटभर रबरी गांडूळ. ते जवळजवळ न हलवता नुसतं धरून ठेवायचं. थंडीत, पाणी निवळ असताना, बास दुसऱ्या कशाला तोंड लावायला तयार नसतो. पण लोकांना कंटाळा येतो. त्यांना आमिष लांब फेकायचं असतं, सरसर ओढायचं असतं आणि मासा पाण्याबाहेर उसळून अंगावर आलेला पाहायचा असतो.

मी हसलो. आमच्या पैनगंगेवर तरी वेगळं काय होतं?

जुने वाचक जाणतातच, माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं पैनगंगेकाठच्या एका गावात गेली, उमरखेड तालुक्यात. शाळा सुटली की दोन तास नदी. बायको म्हणायची, लोकांचे मास्तर शिकवण्या घेतात, आमचे मासोळ्या. गळ टाकायला मला शिकवलं ते गावातल्या एका भोयानं. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. मी त्याला भोईकाका म्हणायचो आणि तो मला गुर्जी. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरता. माशांबद्दल जे काही कळतं ते पुस्तकातलं कमी आणि काकाकडचं जास्त.

तर कंटाळ्याची पद्धत आमच्याकडे म्हणजे मृगळीची. मृगळ तळाशी चरणारा मासा. रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या, आणि ही खाली गाळात. कणकेत सरकीची ढेप मळून गोळा करायचा, गळाला लावायचा, तळाशी सोडायचा आणि बसायचं. बसायचं म्हणजे बसायचंच. मृगळ गोळा गिळत नाही, चाखत राहते, आणि दोरी इतकी हळू हलते की वारा का मासा ते कळत नाही. तरण्या पोरांना ही पद्धत बिलकुल आवडत नसे. मला आवडायची, कारण तेवढ्यात निबंधाच्या वह्या तपासून होत. (एका वहीवर आजही ढेपेचा डाग असेल.)

पण कंटाळा येतो म्हणून न आवडणं वेगळं आणि मनाला लागतं म्हणून न आवडणं वेगळं. भाच्याशी बोलताना हे मला पहिल्यांदाच नीट जाणवलं.

लांब दोरीला पंधरा-वीस गळ बांधून ती रात्रभर नदीत सोडायची, ही पद्धत मला कधी रुचली नाही. वाम मासा त्याने चांगला लागतो हे खरं. पण पहाटे दोरी ओढायला जावं तर निम्मे मासे मरून पांढरे झालेले, एखाद्या गळाला कासव अडकलेलं. विष आणि विजेचा करंट यांना तर मी मासेमारी म्हणतच नाही. गेळाची नाहीतर हिंगणाची फळं कुटून डोहात टाकायची रीत जुनी आहे. आता त्या जागी कपाशीवरचं औषध आलं. ज्या औषधाच्या फवारणीने २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तसलंच औषध पाण्यात ओतायला माणसाचा हात धजतो कसा? सुरुंग आणि विष यांना इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यानेच मनाई केली होती. असो, त्यावर लिहीत बसलो तर रक्तदाब वाढायचा.

जिवंत बेडकाचं मात्र सांगितलं पाहिजे. मरळ दबा धरून बसणारा मासा. शेवाळात, लव्हाळ्यात, पानांखाली. कणकेकडे ती ढुंकून पाहत नाही. तिला हलणारं भक्ष्य लागतं आणि सगळ्यात आवडतो बेडूक. मांडीतून गळ ओवायचा आणि बेडूक पोहत राहील असा सोडायचा. मुठीत धरला की त्याचं धडधडणं तळहाताला लागतं. मी काही ते केलं नाही. काका खो खो हसायचा. "मरय खाता ना गुर्जी? मंग त्या बेंडकानंच काय घोडं मारलं तुमचं?" याला उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. पुढे १९८७ साली सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली तेव्हा मी मुद्दाम त्याला पेपर वाचून दाखवला. तो म्हणाला, "सरकार बी तुमच्यासारखंच हाय."

असा हा माणूस. त्याच्या घरात मासा म्हणजे पीठ-मीठ. हळवेपणा त्याला परवडणाराच नव्हता. आणि तरी एक गोष्ट तो करत नसे.

मृग-आर्द्रात पाणी चढलं की मरळ उथळात येते, गवतात जागा साफ करून अंडी घालते. अंडी तरंगती असतात, दिवस-दोन दिवसांत फुटतात. मग काही आठवडे तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरतो, कुंकवाचा करंडा उलटा व्हावा तसा. खाली नर आणि मादी दोन्ही पहाऱ्याला असतात. त्या घोळक्यात काहीही टाका, बेडूक टाका, चिंधी टाका, आई किंवा बाप झडप घालणारच. मासा धरण्याची याहून सोपी रीत नाही. लहान पोराला जमेल.

काका तिथून गरी गुंडाळून निघायचा. मी एकदा विचारलं, काहून? तर म्हणाला, "थे भुकेनं नाही चावत गुर्जी, रागानं चावते. भुकेल्याले फसवाव, रागावल्याले नाही." आणि पुढे व्यवहाराचं बोलला, की दोघं उचलले तर सांजेपर्यंत बाकीचे मासे पिल्लं साफ करतात, मग दिवाळीनंतर आम्ही काय धरू?

पैनगंगा ओलांडून पुढे गेलं की तेलंगण, आणि तिथे याच माशाला राज्याचा मासा म्हणून मान आहे. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर दम्याचे रोगी जिवंत मरळीचं पिल्लू गिळायला रांगा लावतात. (गुण येतो की नाही ते डॉक्टरांना विचारा.) भाचा म्हणतो, बासही वसंतात पिल्लं राखतो, पण तिथे राखण एकटा बाप करतो. त्याला घरट्यावरून उचलावं की नाही यावर गळवाल्यांत कडाक्याचे वाद होतात. शेजारी कॅनडात ऑन्टारिओच्या बऱ्याच भागात त्यासाठी जूनपर्यंत बासचा मोसमच बंद असतो. आपल्या समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. पण आमच्या नाल्याच्या उथळाकडे पाहायला कोण येतो?

आता आमच्या तलावावर शहरातली पोरं येतात. चांगल्या घरची, महागड्या दांड्या, रबरी बेडूक. जिवंत बेडकाचा प्रश्न रबराने सोडवला हे मला मनापासून बरं वाटतं. पण मोबाईलवर दाखवायला मोठा मासा पाहिजे, आणि मोठा मासा लवकर पाहिजे. तेव्हा ती आधी केशरी घोळका शोधतात. काकाच्या घरचे लोक अजून मासे विकून जगतात. आषाढात जोडी गेली की नुकसान त्यांचं होतं, या पोरांचं काही जात नाही. मी दोनदा बोललो. एकाने ऐकलं. दुसरा म्हणाला, "आजोबा, आम्ही फोटो काढून सोडून देतो." सोडतातही. पण फोटो होईपर्यंत पिल्लांवर दुसरे मासे तुटून पडलेले असतात, ते फोटोत येत नाही.

यंदा जुलैत नातू आला होता, अकरा वर्षांचा. त्याला गळाची गोडी लागली आहे, आणि सूनबाईंना वाटतं मी पोराला बिघडवतो. तलावाच्या बांधावर घोळका आधी त्याच्याच नजरेला पडला. "आबा, टाकू?" हातात दांडी तयार. म्हटलं, टाकशील, आधी बघ. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, कोण येतं ते मोज. आम्ही बाभळीखाली बसलो. आधी एक डोकं वर आलं, काळपट, सापासारखं, आणि गेलं. मग दुसऱ्या बाजूने दुसरं. त्याने घड्याळ लावलं. दोन्ही एका वेळी कधीच वर येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, आणि काकाला विचारावं तर काका जाऊन बारा वर्षं झाली.

पाऊस आला तेव्हा आम्ही उठलो. दांडीला आमिष तसंच होतं. घरी जाताना तो विचारत होता, उद्या पुन्हा मोजायला यायचं का, आणि मृगळीसाठी ढेप भिजवायची का.