चोरून हवा पिणारी स्कूटर

एक लिटर पेट्रोल जळायला किती हवा लागत असेल? बादलीभर? पिंपभर? पुढं वाचण्याआधी एक आकडा मनात धरा. आपण त्याच्याकडे येऊच.

१९९६ साली मी नववीत होते. आम्ही मुकुटबनला राहायचो. यवतमाळ जिल्ह्यातलं झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव. पैनगंगेच्या पलीकडे तेव्हाचं आंध्र, २०१४ पासूनचं तेलंगण. त्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगूही कानावर पडायची. भोवताली कापसाची काळी जमीन. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल, असा तिचा खाक्या! आई अकरा किलोमीटरवरच्या खेड्यात शिक्षिका होती. तिकडे जाणारी एस.टी. वेळेवर येईल तर शपथ. म्हणून तिनं एक जुनी, छोटी, टू-स्ट्रोक स्कूटर घेतली होती. तिच्यावर आईची नोकरी चालायची, आणि नोकरीवर आमचं घर.

त्या वर्षी स्कूटरला वेड लागलं. सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. सुरू झाली की उभ्याउभ्या किंचाळायची. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली उतरायचा नाही. चढावर मात्र धापा टाकायची. दोन गॅरेजं झाली, कार्बोरेटर तीनदा धुऊन झाला, पेट्रोलची नळी नवी झाली. पैसे गेले, रोग तसाच. शेवटी घरात भंगारवाल्याचा विषय निघाला. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री तिनं एस.टी.चं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं.

मग बाजाराच्या कोपऱ्यावरचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी कार्बोरेटर उघडलाच नाही! इंजिन चालू केलं, वाटीत साबणाचं पाणी मागितलं आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या आखूड पाइपाच्या बुडाशी बोटानं दोन-चार थेंब सोडले. किंचाळणारी स्कूटर एकदम दबकली. थेंब आत ओढले गेले, आवाज पुन्हा वर.

"पाह्यलं का बाई? चोरून हवा पिऊन रायली हे गाडी."

आता तो आकडा. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण पंधरापट हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! पंधरा लिटरच्या सहाशे बादल्या. तुमचा अंदाज किती होता? कार्बोरेटरचं काम हा हिशेब सांभाळणं. फ्लिटचा पंप आठवतो ना, डासांवर मारायचा? त्यात नळीच्या तोंडावरून जोरात हवा गेली की डबीतलं औषध वर ओढलं जाऊन फवारा उडतो. कार्बोरेटरमध्येही हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. तिथं हवा वेगानं धावते, तिचा दाब कमी होतो आणि बारीक भोकातून पेट्रोल वर येऊन तिच्यात मिसळतं. विल्हेल्म मायबाख या जर्मन माणसानं १८९३ साली फवाऱ्याचा कार्बोरेटर बनवला, तेव्हापासून तत्त्व हेच.

पण हवा कार्बोरेटरच्या पुढच्या फटीतून शिरली तर? तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. भोक पडलेल्या स्ट्रॉनं सरबत प्यायला बघा, तोंडात सरबत कमी नि हवाच जास्त. शिवाय टू-स्ट्रोक गाडीत ऑईल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. इंजिन तापतं, आणि एखाद्या दिवशी धावत्या गाडीचा पिस्टन जाम होऊन मागचं चाक जागीच अडकतं. हे ऐकल्यावर आईचा चेहरा उतरला. ती पावसाळाभर त्याच गाडीवरून जात होती.

इंजिन गार झाल्यावर मिस्त्रींनी दोन नट काढून तो पाइप हातात घेतला. "पोरी, तुझी लोखंडी पट्टी आण." पट्टी पाइपाच्या सपाट तोंडावर उभी धरून त्यांनी उजेडाकडे पाहिलं आणि मलाही दाखवलं. दोन्ही टोकं पट्टीला टेकलेली, पण मधल्या भोकाजवळ उजेडाची बारीक रेघ! वहीचा कागद तिथून सहज सरकला. आधी कुणीतरी फट बुजवायला दोन जाड पॅकिंग एकावर एक घातली होती, वर चिकट लगदा थापला होता आणि नट जीव खाऊन आवळले होते. पॅकिंग मऊ, त्यामुळे नट आवळतील तसे पाइपाचे दोन्ही कान इंजिनाकडे वाकत गेले. म्हणजे जितकं घट्ट करावं तितकी फट मोठी! मला ही गोष्ट फार नवलाची वाटली, अजूनही वाटते.

पुढचा अर्धा तास मात्र माझा होता. टेबलावर जाड काच, तिच्यावर पॉलिश पेपर, दोन थेंब रॉकेल. पाइपाच्या तोंडावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि तोंड कागदावर आठच्या आकारात घासायचं. (आपला ८ नव्हे, इंग्रजीतला आठ!) पहिल्यांदा फक्त कानांवरच्या रेघा पुसल्या. पुन्हा घासा. भोकाभोवतीच्या रेघा काही हटेनात. "दाबू नको वं, नुसतं फिरव," मिस्त्री सारखे सांगायचे. शेवटची रेघ गेली तेव्हा माझी बोटं काळीनिळी झाली होती.

मिस्त्रींनी पाइप धुऊन पुसला. पॅकिंगचा पातळ कागद त्याच्या तोंडावर ठेवून छोट्या हातोडीनं कडेनं टकटक केलं, की कागद कडेला आपोआप कापला जातो. भोक मात्र नीट मोकळं हवं. कागद आत डोकावला तर तोच अडथळा. मग नट आधी हातानं, नंतर पान्यानं थोडा इकडचा, थोडा तिकडचा. एकच बाजू आवळून टाकायची नाही. (तुम्हाला असं काही करायचं असेल तर घरचं मोठं माणूस जवळ हवं, इंजिन पूर्ण गार हवं, आणि पेट्रोलजवळ काडी ओढणारा कुणी नको.)

किक मारली. पुन्हा साबणाचे थेंब सोडले, आवाज जराही बदलला नाही.

आता दुचाकीत कार्बोरेटर फारसा उरलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांमध्ये पेट्रोल मोजून सोडायचं काम इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनकडे गेलं. १९७२ साली आलेली लुना तर २०२४ मध्ये बॅटरीवर परतली, तिला पेट्रोलच नको. पण पेट्रोलच्या गाडीत हवेची वाट अजून तशीच आहे, आणि तिच्या सांध्यात फट पडली तर नवी गाडीही कुरकुरते.

आठ दिवसांनी मिस्त्रींनी प्लग काढून आईच्या तळहातावर ठेवला. आधी खडूसारखा पांढरा असायचा, आता भाजलेल्या बिस्किटासारखा तांबूस. आईनं तो उलटसुलट करून पाहिला नि विचारलं, "पैसे किती?"

"हातोडीचे वीस, बाई. घासायचे पोरीले द्या."