औषधांची पिशवी किनाऱ्यावर राहिली तेव्हा

वाशिमच्या पद्मतीर्थाकाठी वाढलेल्या आम्हा बारा ज्येष्ठांना समुद्र नवखाच होता. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीचा लाँचप्रवास सुमारे तासाभराचा. म्हणून औषधांची पिशवी बसमध्येच ठेवली. लाटांवर लाँच डोलू लागली आणि आमच्या एका मधुमेही सोबत्यांना उलट्या सुरू झाल्या. सकाळची गोळी घेतलेली, पण पोटात अन्न ठरेना. दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. एका सहप्रवासी भगिनीने घोटघोट पाजलेल्या साखरपाण्याने ते सावरले. लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या. आम्ही दोघे खालीच थांबलो. त्रिमूर्तीचे दर्शन राहिले, याची खंत नाही. जलप्रवासात औषधे व साखर स्वतःजवळच असावीत. बसावे बोटीच्या मध्यभागी, नजर दूर क्षितिजावर ठेवून.