बंब वाहून गेला!

आमचे आजोबा आणि त्यांचे दोघे धाकटे भाऊ पुण्यात नारायण पेठेतल्या एकाच वाड्यात राहत, पण चुली तीन! कारण काय, तर पणजीचा तांब्याचा बंब. वाटणीत तो मधल्या भावाकडे गेला आणि आजोबांनी त्यांच्याशी जो अबोला धरला, तो सहा वर्षं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. मुठेचं पाणी वाड्यात शिरलं, तेव्हा मधल्यांनी घरातलं काही न उचलता आधी “दादा, चला!” म्हणून आजोबांचा हात धरला. पाणी ओसरल्यावर सगळे परतले, तर घरभर चिखल, नळ कोरडे आणि बंबाचा पत्ताच नाही. तिघी जावांनी एकच चूल पेटवली नि खिचडी टाकली. आजी म्हणायची, “बंब गेला, पण माझे दीर परत आले गं!”

गेल्या श्रावणात सासूबाईंच्या चांदीच्या समयांवरून मी नि जाऊबाई अशाच फुरंगटून बसलो होतो. आजीची ही गोष्ट आठवली. मीच उठले आणि दोन्ही समया त्यांच्या देवघरात नेऊन ठेवल्या. संध्याकाळी त्यांनी एक परत आणून दिली. दिवाळीत मात्र दोन्ही एकाच देवापुढे लागल्या!