येईन, येतो, येणार

दिवाळीला तीन आठवडे राहिले की आमच्या घरात एक प्रश्न येऊन बसतो. चिवडा किती करावा, करंज्यांचे सारण किती भाजावे, वरच्या खोलीतली गादी उन्हात घालावी की नाही, हे सारे लहानसहान प्रश्न त्या एकाच मोठ्या प्रश्नाच्या पोटात असतात. तो प्रश्न म्हणजे, मुलगा यंदा येणार की नाही.

मुलगा अमेरिकेत असतो. यंदा त्याचा फोन आला तेव्हा तो मी घेतला. बोलणे संपल्यावर स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "काय म्हणाला?"

"दिवाळीला येईन म्हणाला," मी मोठ्या उत्साहाने सांगितले.

पदराला हात पुसत ही बाहेर आली. "अहो, नीट आठवून सांगा. येईन म्हणाला, की येणार म्हणाला?"

मी चाट पडलो. चौतीस वर्षे मी शाळेत इंग्रजी शिकवले. भविष्यकाळाचे तक्ते फळ्यावर लिहिण्यात खडूच्या किती पेट्या संपल्या असतील त्याची गणती नाही. पण जो फरक मी आयुष्यभर परक्या भाषेत शोधत राहिलो, तो माझ्याच घरात, कणकेच्या हातांनी, असा सहज माझ्यासमोर ठेवला जाईल असे कधी वाटले नव्हते.

इंग्रजीचा भविष्यकाळ मी पहिल्यांदा शिकलो तो या औरंगपुऱ्याच्या परिसरातल्याच एका शाळेत, १९६० च्या आगेमागे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्याला तेव्हा जेमतेम एक तप झाले होते. आमचे इंग्रजीचे मास्तर जुन्या अमदानीत उर्दूतून शिकलेले. भविष्यकाळाला ते 'मुस्तकबिल' म्हणत आणि तो शब्द असा काही भारदस्तपणे उच्चारीत की उद्याचा दिवस घोड्यावर बसून पैठणगेटातून येतो आहे असे वाटावे. मुस्तकबिलाचा नियम मात्र साहेबाचा होता. 'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', बाकी सर्वांपुढे 'विल'. ही झाली साधी भविष्यवाणी. पण निश्चय, वचन किंवा धमकी असेल तर सारे उलट करायचे. 'आय विल' म्हणजे मी करीनच, आणि 'यू शॅल' म्हणजे तुला करावेच लागेल.

नियम डोक्यात बसावा म्हणून मास्तर एक जुनी गोष्ट सांगत. कोणी एक परदेशी माणूस नदीत बुडू लागला आणि घाबरून ओरडला, "आय विल ड्राउन! नोबडी शॅल सेव्ह मी!" काठावर साहेब लोक उभे होते. त्यांचे व्याकरण पक्के. त्यांनी अर्थ लावला, 'मी बुडणारच, आणि मला कोणी वाचवायचे नाही!' बिचारे टोप्या काढून आदराने उभे राहिले. आम्ही पोटभर हसत असू. पण त्या दिवसापासून मनात अशी धास्ती बसली की पाण्यात पडलोच तर मराठीत ओरडावे, हे बरे.

पुढे शिक्षक झाल्यावर कळले की हा नियम ज्याने मांडला तो जॉन वॉलिस नावाचा पंडित मुळात गणिती होता. १६५३ साली त्याने परदेशी लोकांसाठी लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात 'शॅल' व 'विल' यांची ही वाटणी करून दिली. अनंत दाखवण्यासाठी आपण आडवा आठ काढतो, ते चिन्ह गणितात आणले तेही यानेच. ज्याने अनंताला दीड इंचात बसवले त्याला उद्याचा दिवस दोन शब्दांत बसवणे काय कठीण! पण लोकांनी त्याचे सगळेच ऐकले नाही. अमेरिकनांनी, स्कॉटांनी, आयरिशांनी ती वाटणी मनावर घेतली नाही, आणि आता खुद्द साहेबाच्या देशातही 'शॅल' उरला आहे तो बहुतेक 'शॅल वुई गो?' अशा विचारण्यात आणि कायद्याच्या पुस्तकात.

मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय आहे, भविष्यकाळाचा नाही. 'जाईन', 'येईल' असे एका शब्दात म्हणण्याची सोयच त्या भाषेत नाही. मग उद्याविषयी बोलायचे कसे? साहेब शेजारपाजारहून शब्द उसने आणतो. 'विल' म्हणजे मुळात इच्छा. वकिलाकडे जाऊन आपण 'विल' करतो ते इच्छापत्र, तो शब्द याच घरातला. 'शॅल' म्हणजे मुळात देणे लागणे. जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधाला जो शब्द आहे, तो त्याच कुळातला. आणि 'गोइंग टू' म्हणजे तर सरळ चालणे, पावले त्या दिशेला पडली आहेत असे सांगणे. इच्छा, कर्ज आणि चाल, या तीन टेकूंवर साहेबाचा सारा उद्या उभा आहे. जेथे टेकूची गरज नाही तेथे तो वर्तमानकाळच वापरतो. गाडी उद्या सहाला 'सुटते', म्हणजे 'लीव्ह्ज'. तिकीट काढून झाले असेल तर 'आय अॅम कमिंग'. उद्या जितका पक्का, तितका तो आजच्या कपड्यांत वावरतो.

हे सारे मी वर्गात रंगवून सांगत असे आणि मुलांना वाटे की इंग्रजी फार खोल भाषा आहे. आपल्या अंगणात विहीर असून दुसऱ्याच्या आडात वाकून पाहण्यातलाच हा प्रकार. 'येईन' यात मन आहे. 'येणार' यात ठराव आहे. 'येतो' यात पायात चप्पल आहे. आणि अगदी पुढच्या क्षणी यायचे असेल तर आपण चक्क भूतकाळात शिरतो आणि म्हणतो, 'आलोच!' अजून माणूस न्हाणीघरात असतो, पण व्याकरणाने तो येऊन पोहोचलेला असतो. 'येईन म्हणतो', 'बघू', 'जमलं तर' या खालच्या पायऱ्या मी सांगायला नकोत. 'परवा' म्हटले की होऊन गेलेला दिवस की येणारा, हे क्रियापद आल्यावाचून कळत नाही. आणि घरातून निघताना आपण 'जातो' म्हणतच नाही. जाताना 'येतो' म्हणतो. परतण्याचे वचन दिल्यावाचून आपल्याकडे कोणाला उंबरठा ओलांडू देत नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे शिंपी बसत. सदरा कधी मिळेल विचारले की म्हणत, "कल, इन्शाअल्ला." त्यांच्या बोलीत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही, त्यामुळे सदऱ्याचा वायदा कधीच खोटा ठरत नसे. एकदा मी चिडलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, सुई मेरी, मर्जी उसकी." इन्शाअल्ला म्हणजे ईश्वराची इच्छा असेल तर. म्हणजे पुन्हा इच्छाच! साहेबाने 'विल' आपल्याकडे घेतला, शिंप्याने तो वर सोपवला, एवढाच काय तो फरक.

हा फरक केवळ घरातला नाही. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तो सार्वजनिक रीतीनेही शिकावा लागला. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने तीनशे एकाहत्तरावे कलम नव्याने मांडले गेले आणि त्यात विदर्भ, मराठवाडा यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आली. इंग्रजी मजकुरात तेथे राष्ट्रपतींपुढे शब्द आहे 'मे'. 'शॅल' नाही. कायद्यात 'शॅल' म्हणजे देणे, फेडलेच पाहिजे. 'मे' म्हणजे दार उघडण्याची मुभा; उघडलेच पाहिजे असे नाही. ते दार उघडायला १९९४ साल उजाडले. मोजून अडतीस वर्षे. आणि एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. आमच्या मास्तरांनी 'मे'ला मुस्तकबिलाच्या तक्त्यात जागाच दिली नव्हती. प्रजेला सगळ्यात जास्त भविष्यकाळ ऐकावा लागतो तो याच शब्दात, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

पण परक्याच्या 'मे'वर रागावण्याचा मला कितपत अधिकार आहे, याचा विचार करतो तेव्हा जीभ अडखळते.

मुलगा आईशी मराठीत बोलतो, मला इंग्रजीत लिहितो. पहिली काही वर्षे 'आय अॅम कमिंग' असे येई, सोबत विमानाची वेळ. मग 'आय अॅम गोइंग टू कम' आले. मग 'आय विल कम'. मग 'आय विल ट्राय'. एक एक पायरी उतरताना मी पाहत होतो, आणि हिला कशाला सांगा म्हणून गप्प बसत होतो. व्याकरण मला एकट्यालाच येते, हा केवढा माझा भ्रम! हिने त्याच पायऱ्या मराठीत केव्हाच मोजल्या होत्या, आणि मला कशाला सांगा म्हणून तीही गप्प बसली होती.

त्याला दोष देऊ म्हटले तर १९७२ ची दिवाळी आठवते. मी तेव्हा परभणीकडे नोकरीला होतो. वडील पैठण तालुक्यात, गावी. दुष्काळाचे ते साल, घरात दिवाळी म्हणून काही नव्हतेच. मी कार्ड टाकले, 'सुट्टी मिळाल्यास येईन.' सुट्टी मिळाली. मी गेलो नाही. उगाच कशाला त्या उजाड गावात जायचे, असे मनात आले, आणि त्या मनाला मी 'सुट्टी नव्हती' असे नाव दिले. वडील गेल्यावर कधीतरी बोलता बोलता आईच्या तोंडून निघाले की त्या साली दिवाळीचे चारही दिवस ते संध्याकाळच्या मोटारीच्या वेळी फाट्यावर जाऊन बसत. 'मिळाल्यास' हा शब्द त्यांनी वाचलाच नव्हता. त्यांनी फक्त 'येईन' वाचले होते.

मी लिहिला होता तो 'विल'. वडिलांनी वाचला तो 'शॅल'. लिहिणाऱ्याची इच्छा असते, वाचणाऱ्याच्या हिशेबी ते कर्ज होते. हा नियम वॉलिसच्या व्याकरणात नाही, आणि मीही चौतीस वर्षांत एकदासुद्धा फळ्यावर लिहिला नाही.

परवा सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर मोठ्या पातेल्यात तांदूळ भिजत घातलेले. अनारशांचे. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग फडक्यावर वाळवायचे, कुटायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचे. आम्हा दोघांत अनारसे कोणी खात नाही. मला दातांमुळे, हिला साखरेमुळे.

"अगं, पण तो येणार हे अजून ठरलंय कुठं?" मी विचारले.

"तांदूळ तर भिजले," ती म्हणाली आणि पाणी बदलू लागली.

मी पाहत राहिलो. तिच्या वाक्यात ना इच्छा होती, ना वायदा, ना कोणाकडे मागणे. 'आलोच'सारखाच तो भूतकाळ होता. उद्याविषयी इतके पक्के बोलणारे वाक्य मी आजवर शिकवले नव्हते.

"चांगला पिवळा गूळ आणा," ती म्हणाली, "गुलमंडीवर मिळेल. आणि गर्दीत उशीर करू नका."

मी पिशवी घेतली, चपला घातल्या, आणि जिना उतरता उतरता म्हणालो, "येतो."