गोठ्यातली टेप

शाळकरी मुलांना जनावरे सांभाळायला शिकवण्याचे प्रयोग जगात जुने आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९०२ साली ए. बी. ग्रॅहम यांनी मुलांचे शेतीमंडळ काढले आणि अशा मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ चळवळ उभी राहिली. तिथली मुले वासरू किंवा कोकरू वाढवतात, जत्रेत मिरवतात आणि पुष्कळदा लिलावात विकतात. महाराष्ट्रातला प्रयोग निराळ्या वाटेने आला, आणि ती वाट मुंबईच्या उपनगरातून गेली.

अंधेरीला हिंदुस्थान लिव्हरचे संशोधन केंद्र होते. तिथले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीसाठी ‘आयबीटी’ (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) हा विषय आकाराला आला. वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे त्याचे चार भाग. कामे हाताने करायची, खर्चाचा हिशेब ठेवायचा आणि जमेल तिथे गावाला सेवा द्यायची, ही त्याची रीत.

पाबळसारख्या गावातल्या मुलाला म्हशीची ओळख करून द्यावी लागत नाही. धार काढणे, वैरण टाकणे, शेण काढणे त्याला घरीच येते. शाळेने त्यात घातली ती शिंप्याची टेप. जनावराच्या छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे. येते ते किलोतले अंदाजी वजन. घेर ६० इंच आणि लांबी ५४ इंच असेल तर गाय सुमारे २९५ किलोची. एरवी फळ्यावर रुक्ष वाटणारा वर्ग-गुणाकार इथे शेपटी हलवत उभा असतो, आणि माप घेताना गाय हलली की उत्तरही हलते.

वजन कळले की पुढची गणिते सुटतात. दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा चारा) लागतो, म्हणजे या गाईला सुमारे साडेसात ते पावणेनऊ किलो. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असते. त्यामुळे वीस किलो हिरवा चारा टाकूनही गाय अर्धपोटी राहू शकते. भरल्या गव्हाणीकडे पाहून हे कळत नाही.

शाळा सुटल्यावर यातली किती मुले गोठ्यात राहतात, हा प्रश्न वेगळा. जी राहतात त्यांना टेप जास्त उपयोगी पडते ती बाजारात. खेड्यातल्या आठवडी बाजारापासून बकरी ईदच्या आधीच्या मुंबईतल्या देवनार बाजारापर्यंत बोकडाचा सौदा पुष्कळदा नजरेने, अंगापिंडावरून होतो. मुरलेल्या व्यापाऱ्याची नजर सहसा चुकत नाही. चुकतो तो नवखा विकणारा. वजन ठाऊक असलेल्याला निदान कुठे अडून बसायचे ते कळते. बोकडासाठी टेपपेक्षा साधा वजनकाटा बरा, हेही खरे.

जंतनाशकाचे मापही वजनावरच ठरते. कळपातल्या सगळ्या शेळ्यांना सरसकट एकच डोस पाजला तर मोठ्या शेळीला तो कमी पडतो. त्यातून वाचलेले जंत औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच बाटली कुचकामी ठरते.